वारं लागेल

वेरित्साचा दोन गोष्टींवर आंधळा विश्वास होता. एक, जिथे लखलखीत स्वच्छता तिथे सगळं आलबेल. आणि दुसरी, माणसाचा घात होतो तो वाऱ्याच्या झोताने. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या राहिल्या, की मान धरते, तोंड वाकडं होतं, आणि पुढचं विचारूच नका. यात तिचा एकटीचा दोष नाही. आमच्या तिसा नदीकाठच्या गावांत हे शेंबडं पोरही जाणतं. भर उन्हाळ्यात बसमध्ये माणसं घामाने निथळतील, पण खिडकीला हात लावणाऱ्याला डोळ्यांनी जाळतील. वेरित्साने मात्र या दोन गोष्टींपायी आपल्या आईलाच पणाला लावलं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आई, रादोयका, गावाची पोस्टमनबाई. सगळी हयात तिने पायी टपाल वाटलं. खात्याने सायकल दिली तर ती हाताने ढकलत न्यायची, कारण सायकलवरून माणसांशी धड बोलता येत नाही म्हणे. निवृत्त झाली, नवरा गेला, मग हळूहळू डोकंही गेलं. पाय तेवढे शाबूत राहिले. पहाटे उठून पिशवी खांद्याला अडकवायची, तिच्यात दुकानांच्या जाहिराती कोंबायच्या आणि दारोदारच्या पेट्यांत टाकत सुटायचं. गाव हसायचं, कुणीतरी कॉफी पाजून तिला घरी आणून सोडायचं. पण नोव्हेंबरातल्या एका धुक्याच्या सकाळी ती नदीचा बांध उतरून खाली गेली. मासे धरणाऱ्या माणसाला ती गुडघाभर पाण्यात उभी दिसली.

"पलीकडच्यांचं टपाल राहिलंय," ती त्याला सांगत होती.

वेरित्सा दातांच्या दवाखान्यात कामाला. सकाळी आईला कुलूप लावून जायची, तर आई दिवसभर आतून दारावर थापा मारायची. खालच्या मजल्यावरची पेर्सा मावशी जिन्यात गाठून म्हणायची, "वेरित्सा, पोरी, कुत्र्यालाही कुणी असं कोंडत नाही गं." पेर्सा मावशीचं तोंड आधीच फटकळ, त्यात हे खरं होतं. वेरित्सा वरमली आणि आईला बरोबर घेऊन तिच्यासाठी वृद्धाश्रम बघायला निघाली.

पहिलं घर रोझालियाचं. रोझालिया जुनी नर्स, हंगेरियन, जाडजूड, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. अंगणात कोंबड्या, दारात चिखल, ओसरीत उकडलेल्या कोबीचा वास. आत शिरताच वेरित्साच्या मानेला गार झोत लागला. पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं आणि मधून म्हातारी माणसं ये-जा करताहेत. कुणाच्या सपातांना माती, कुणाच्या स्वेटरवर सुरव्याचे डाग. दोन म्हाताऱ्या पत्त्यांवरून कडाकडा भांडत होत्या.

"अहो, वारं लागेल यांना!" वेरित्सा म्हणाली.

"लागू दे की," रोझालिया म्हणाली. "कोंडलेल्या हवेत माणूस आंबतो. माझी सासू मला याच्यावरून रोज शिव्या घालायची. नव्वदीत गेली, तीही शिव्या घालतच."

वेरित्साने कपाटावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते तिने रोझालियाला दिसेल असं रुमालाला पुसलं.

तेवढ्यात चुलीजवळ बसलेला एक टोपीवाला म्हातारा ओरडला, "अरे, पोस्टमनबाई! माझी पेन्शन आली का?"

रादोयका गर्रकन वळली. "तुझी पेन्शन, बोगोल्युब, तुझ्या बायकोने घेतली," ती म्हणाली. "मी तिच्याच हातात दिली. तू पिऊन टाकतोस."

ओसरी खदखदून हसली. बोगोल्युबने तर डोळेच पुसले. कितीतरी महिन्यांत आईने कुणाला धड दिलेलं हे पहिलं उत्तर होतं. वेरित्साने ते ऐकलं, पण तिचं लक्ष म्हाताऱ्याच्या बाहीवरच्या डागाकडे होतं.

"खाट एकच रिकामी आहे," रोझालिया म्हणाली. "विचार करा. पण एक सांगते, दुसरीकडे बघायला जाल ना, तर भिंती नका बघू. माणसं बघा."

"आपल्या घाणीची वकिली करतेय," वेरित्सा गाडीत बसताना पुटपुटली.

दुसरं घर गावाबाहेर, पॉप्लरच्या उंच झाडांच्या रांगेआड. पांढरं, दुमजली, नवं. फाटक आपोआप उघडलं आणि त्यांच्यामागे आपोआप बंद झालं. मालकीण झागोर्काबाई दारातच उभी होती, इस्त्रीच्या कपड्यांत, दोन्ही हात पोटाशी धरून. बूट काढायला लावले, पाहुण्यांच्या सपाता दिल्या. फरशी अशी, की तिच्यात तोंड दिसावं. कशाचाही वास नव्हता. कोबीचा नाही, कॉफीचा नाही, माणसांचाही नाही.

"किती शांत आहे!" वेरित्सा म्हणाली.

"आमच्याकडे आरडाओरडा नसतो, बाई. आम्ही तो होऊच देत नाही."

वरच्या मजल्यावर लांबलचक खोली. भर दुपारी सगळे खाटांवर, चादरी हनुवटीपर्यंत ओढलेल्या. सगळ्यांचे केस सारखेच बारीक कापलेले. प्रत्येक खाटेखाली नव्याकोऱ्या सपातांचा जोड, टाचेला टाच लावून. खिडक्या घट्ट बंद होत्या आणि एकाही खिडकीला मूठ नव्हती. मुठीच्या जागी नुसतं भोक.

"मुठी काढून घेतल्यात आम्ही," झागोर्काबाई म्हणाली. "वाऱ्याचा झोत नको."

वेरित्साला गहिवरून आलं. आपल्यासारखंच कुणीतरी भेटलं, असं तिला वाटलं. दाराजवळच्या खाटेवरची एक वाळलेली म्हातारी तेवढ्यात हळूच म्हणाली, "दार उघडं राहिलंय का?"

"नाही हो आजी," वेरित्साने तिच्या गालावरून हात फिरवला. "सगळं बंद आहे. वारं येणार नाही. घाबरू नका."

म्हातारीने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि डोळे मिटले.

ती खाली आली तर रादोयका खुर्चीतून उठून दाराकडे निघाली होती. पांढऱ्या झग्यातल्या एका दणकट बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत हसत तिला परत बसवलं. रादोयका पुन्हा उठली. पुन्हा हात, पुन्हा हसू. वेरित्सा आईकडे जायला एक पाऊल पुढे सरकली. पण तिने काचेच्या टेबलावरून बोट फिरवलं आणि बोट जसंच्या तसं कोरं राहिलं.

"चालणं फार आहे हिचं," ती ओशाळून म्हणाली.

"सुटेल ती सवय," झागोर्काबाई म्हणाली. "महिनाभर भेटायला येऊ नका, म्हणजे लवकर रुळतात. आणि नवीन सपाता तेवढ्या आणा."

वेरित्साने तपकिरी सपाता घेतल्या, लोकरीच्या, खाली जाड रबर असलेल्या. आई चालून चालून तळ झिजवणार, हे तिला ठाऊक होतं.

आईला तिथे सोडल्यावर ती रोज फोन करायची. रोज एकच उत्तर. "शांत आहेत. छान झोपल्यात." सकाळी केला तरी झोपल्यात, दुपारी केला तरी झोपल्यात. सुरुवातीला वेरित्साला हायसं वाटलं. मग एकदा दवाखान्यात चिमटे उकळत ठेवताना तिला आठवलं, की आई दिवसा कधी आडवी झालेली आपण पाहिलीच नाही. ताप असला तरी ती उभ्यानेच काढायची. वेरित्साचा हात उकळत्या भांड्यावर तसाच थांबला.

संत निकोलाचा दिवस आला. आमच्याकडे प्रत्येक घराचा आपला संत असतो आणि त्याच्या दिवशी, स्लावाला, कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं. जो येईल तो पाहुणा. त्याला दारातून परत पाठवायचं नाही आणि का आलास, असंही विचारायचं नाही. झागोर्काबाईच्या घराचा संत निकोलाच होता. तिने स्वतःच कौतुकाने त्याची तसबीर दाखवली होती. वेरित्साने वाइनची बाटली घेतली आणि महिना भरायची वाट न बघता फाटकासमोर जाऊन उभी राहिली.

आतल्या सगळ्या पाहुण्यांदेखत झागोर्काबाईला तिला आत घ्यावंच लागलं. मोठी मेणबत्ती जळत होती. गावचे बडे लोक भाजलेल्या माशावर ताव मारत होते. वेरित्साने रिवाजाप्रमाणे उकडलेल्या गोड गव्हांचा एक चमचा तोंडात घातला. चमचा ठेवून ती झागोर्काबाईकडे वळली.

"आईला भेटते."

"झोपल्यात त्या. जेवा आधी."

"मग हात धुऊन येते," वेरित्सा म्हणाली आणि जिना चढली.

वर तीच शांतता होती. खालचं हसणं तिथपर्यंत पोचत नव्हतं. दाराजवळची खाट रिकामी होती, चादर ताणून घातलेली. आईची खाट तिला आधी ओळखूच आली नाही, कारण केस कापल्यावर सगळी डोकी एकसारखी दिसत होती. तिने सपातांवरून ओळखली. खाली वाकून तिने एक सपात उलटी केली. रबरी तळावर दुकानाची चिकटचिठ्ठी जशीच्या तशी होती, किमतीसकट.

तिने शेजारच्या खाटेखालची सपात उलटी केली. मग तिच्या पलीकडची. एकाही तळाला धुळीचा कण नव्हता. स्वच्छ, अगदी तिला आवडतात तसे.

तिने चादर वर केली. आईच्या टाचा एरवी झाडाच्या सालीसारख्या खरबरीत असायच्या. त्यांचा पापुद्रा सुटून आता खालची कातडी लहान बाळाच्या पायासारखी मऊ, गुलाबी झाली होती. घोट्यांवर, खाटेला बांधलं होतं तिथे, पट्ट्याचे लाल वळ उमटले होते. वेरित्साने तोंडात हात कोंबला. हुंदका फुटला असता तर खालून त्या पांढऱ्या झग्यातल्या हसऱ्या बाया आल्या असत्या. ती खिडकीकडे धावली आणि तिची बोटं त्या मोकळ्या भोकात जाऊन अडकली.

"आई, ऊठ. आई गं."

रादोयकाने डोळे उघडले, पण नजर कुठेतरी लांब होती. वेरित्साने तिला उभं केलं, पण तिचे गुडघे दुमडले. शेवटी वेरित्साने तिला चादरीसकट पाठीवर घेतलं. आईचं वजन लागलंच नाही, आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

जिन्याखाली टेबलावरचं बोलणं थांबलं. झागोर्काबाई दार अडवून उभी राहिली.

"बाहेर बर्फ आहे, बाई. वारं लागेल त्यांना. मरतील."

"बाजूला हो," वेरित्सा म्हणाली. आयुष्यात ती कुणाशी असं बोलली नव्हती.

पाहुण्यांपैकी कुणीच उठलं नाही. एकाने तर मान खाली घालून माशाचे काटे काढायला घेतले. पण एवढ्या डोळ्यांपुढे झागोर्काबाईला सरकावं लागलं. वेरित्सा निघाली आणि दार सताड उघडं टाकून गेली.

ती थेट रोझालियाकडे आली. चिखल गोठला होता, कोबीचा वास तोच होता. ती एकुलती एक खाट अजून रिकामी होती. रोझालियाने काही विचारलं नाही. तिने घोटे बघितले आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. मग तिने रादोयकाला चुलीजवळ बसवून तिचे उघडे पाय जमिनीवर टेकवले.

बोगोल्युब कोपऱ्यातून ओरडला, "पोस्टमनबाई! माझी पेन्शन आली का?"

रादोयका आपल्या हातांकडे बघत राहिली.

"पोस्टमनबाई," तो पुन्हा म्हणाला, या वेळी हळू आवाजात. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चालेल ना ती?" वेरित्साने विचारलं. "रोझालिया, चालेल ना?"

"उद्या उभं करून बघू," रोझालिया म्हणाली, आणि तिने उठून खिडकी उघडली. समोरचं दार उघडंच होतं. गार झोत सरळ रादोयकाच्या तोंडावर आला. सवयीने वेरित्सा खिडकी लावायला उठली. आईच्या पापण्या किंचित हलल्यासारख्या तिला वाटल्या. ती तशीच खाली बसली, आईचे ते मऊ पाय तिने दोन्ही हातांत धरले आणि वारं येऊ दिलं.