माझी धार गेली नव्हती

मित्रांनो, मी शिंप्याची एक जुनी कात्री आहे. शाळेत कागद कापायला तुम्ही वापरता तसली चिमुकली नव्हे. माझी लांबी दहा इंच, आणि माझ्या मुठीचा काळा रंग एकाच माणसाच्या अंगठ्याने घासून गेलेला आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी आखलेल्या रेघांवरून चालत आले. त्यामुळे स्वतःची गोष्ट कुठून सुरू करावी, ते मला नीट कळत नाही. काही चुकले तर सांभाळून घ्या.

एका लोहाराने मला पोलादाच्या दोन पात्यांतून घडवले. पाती एकमेकींना फार घासता कामा नयेत आणि फार लांबही राहता कामा नयेत, म्हणून तो मधला खिळा पिळायचा, मला कानाशी धरायचा आणि आवाज ऐकायचा. मनासारखा भरीव आवाज आला तेव्हा त्याने मला पुसून ठेवले. मास्तरांनी मला विकत घेतले तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते.

मास्तर म्हणजे आमचे शिंपी. दुकान एका खोलीचे. खिडकीजवळ कापड बेतायचे लांब टेबल, दोन शिलाई यंत्रे, कोपऱ्यात इस्त्री आणि दारालगतच्या स्टुलावर काज-बटणे करणाऱ्या मावशी. मावशींची सुई बारीक, पण जीभ तिच्याहून टोकदार.

मास्तर बेतायला उभे राहिले की बघत राहावे. टेप एकदाच लावायचे, खडूची एकच रेघ मारायचे आणि मग मी जी चालायला लागे, ती टेबलाच्या पलीकडच्या कडेला जाऊनच थांबे. गिऱ्हाइके हातातला चहा विसरून बघत. त्या वर्षांत आम्ही दोघांनी किती कोट, किती सदरे कापले असतील, देव जाणे.

एकदा मात्र चूक झाली. बाह्या कापताना कापड दुहेरी घालतात, म्हणजे एक डावी आणि एक उजवी आपोआप निघते. त्या दिवशी तुकडा अपुरा होता, म्हणून मास्तरांनी बाह्या वेगवेगळ्या कापल्या आणि दुसऱ्या वेळी नमुन्याचा कागद उलटायचा राहून गेला. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या.

"आता असं गिऱ्हाईक शोधा मास्तर, ज्याला दोन डावे हात आहेत!" मावशी म्हणाल्या.

सगळे हसले. ज्याचे कापड होते तोही हसला. नवा तुकडा आणला, कोट झाला, लोक विसरले. मास्तर विसरले नाहीत.

पुढे लोक म्हणत, त्या बाह्यांमुळेच सगळे झाले. मला तसे ठामपणे म्हणवत नाही. चुका सगळ्यांच्याच होतात. एखादी चूक एखाद्याच्याच मनात का रुतून बसते, हे मी लोखंडाच्या जातीने कसे सांगावे?

मी पाहिले ते एवढेच. मास्तर टेप दोनदा लावू लागले. मग तीनदा. मारलेली रेघ पुसून तीच रेघ पुन्हा मारू लागले. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. चुकून आखूड कापले गेले तर हाताशी असावी, म्हणून मास्तर ही माया अर्ध्या इंचाची एक इंच, आणि एकाची दोन इंच ठेवू लागले. कोट आतून फुगू लागले. एका गिऱ्हाइकाने विचारले, "मास्तर, आत उशी घातली की काय?"

दुकानाला कुलूप लावून निघाले की ते गल्लीच्या तोंडापासून परत येत. इस्त्री बंद आहे ना? पुन्हा निघत, पुन्हा येत. हात लावून बघत. इस्त्री थंडगार असे.

मग मला हातात घेतले की त्यांचा अंगठा घामाने ओला होऊ लागला. छाती धडधडायची, ती मला मुठीतून कळायची. मी उघडी, कापड समोर, रेघ स्पष्ट, आणि मी तशीच आ वासून हवेत. एकदा तर श्वास पुरेना, ते खालीच बसले. दवाखान्यात नेले. हृदय तपासले, रक्त तपासले. सगळे ठीक.

मग ज्याने त्याने सांगायला सुरुवात केली. "काही झालेलं नाहीये तुम्हाला." "मनावर घेऊ नका हो." मास्तरांच्या थोरल्या भावाने तर खांद्यावर थाप मारून सांगितले, "अरे, पुरुषासारखा पुरुष तू, कापडाला काय घाबरतोस?" मास्तर मान डोलावत. त्यांनाही तेच कळत नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाने कापडाला का घाबरावे?

बहुधा म्हणूनच त्यांनी दोष माझ्यावर ठेवला.

"हिची धार गेलीय," ते मावशींना म्हणाले आणि मला धारवाल्याकडे घेऊन गेले. मी मुकाट्याने चाकावर घासून घेतले, ठिणग्या उडाल्या. आठ दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा, आणि पुन्हा. मित्रांनो, धार लावताना नवे काही येत नाही, आपलेच अंग कमी होते. माझे पाते दिवसेंदिवस अरुंद होत गेले. मी फार थकले होते. पण राग आला नाही, कारण मला घासायला आणणारा माझ्याहून थकलेला दिसत होता.

अशातच त्यांच्या लेकीला दूरच्या, थंडीच्या शहरात नोकरी लागली. ती उंची लोकरीचे निळे कापड घेऊन दुकानात आली.

"बाबा, मला तयार कोट नको. तुम्हीच शिवायचा. वीस दिवस आहेत."

"वीस दिवसांत मी दहा कोट शिवीन," मास्तर म्हणाले. तिची मापे त्यांनी पाच वेळा घेतली. ती हसत होती. पाचव्यांदा हसली नाही.

कापड रोज टेबलावर यायचे, रोज घडी होऊन फळीवर जायचे. एकोणिसाव्या दिवशी लेक आली. तिने फळीवरची घडी पाहिली आणि काहीच विचारले नाही. ते तिने विचारायला हवे होते, असे मला अजून वाटते. दुसऱ्या दिवशी ती बाजारातला तयार कोट घालून गेली.

मास्तरांनी मग नवे काम घेणेच बंद केले. पायजम्याला नाडी घाल, चेन बदल, एवढेच. तरी मला घेऊन ते एकदा पुन्हा धारवाल्याकडे गेले. त्याने मला उजेडात धरले, पात्यावरून नख फिरवले आणि चाक काही सुरू केले नाही.

"मास्तर, हिची धार गेलेली नाहीये. गेल्या चार वेळाही गेली नव्हती. तुम्ही सांगितलंत म्हणून घासली, चूक माझी. अजून दोनदा घासली तर पातंच उरायचं नाही."

मास्तरांनी मला त्याच्या हातातून काढून घेतले.

"राग मानू नका," धारवाला हळू आवाजात म्हणाला. "माझ्या घरी पण हेच होतं. बायकोला बाजारात पाय टाकवत नव्हता. दारापर्यंत जायची आणि घामाघूम. मी दोन वर्षं तिला नुसता ओरडत राहिलो. शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. वेड लागलं म्हणून नव्हे हो. आजारी होती म्हणून."

मास्तर उठले. निघाले. चार पावलांवरून परत आले. या वेळी मात्र इस्त्री बघायला नव्हे.

"पत्ता देता?"

डॉक्टरबाईंनी पुढच्या खेपेला कात्रीही आणायला सांगितली, म्हणून पुढचे मला माझ्या कानांनी ऐकता आले. त्या म्हणाल्या, "चिंता सगळ्यांनाच असते. ती पाहुणीसारखी येते, काम झालं की जाते. तुमच्याकडे ती मुक्कामाला राहिलीय. हा आजार आहे, मास्तर. भित्रेपणा नाही, आणि तुमचं काही चुकलंय म्हणूनही नाही."

"पण छाती खरंच धडधडते हो."

"खरंच धडधडते. खोटं कोण म्हणतंय?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी म्हटले नव्हते.

मग कामाला सुरुवात झाली. थोड्या गोळ्या होत्या, पण जास्त काम हातालाच होते. आधी जुनी वर्तमानपत्रे कापायची. माप एकदाच, रेघ एकच, आणि भीती वाटली तरी हात मागे घ्यायचा नाही. ती वाढते, वाढते आणि आपोआप उतरते, तोवर तिच्याजवळ उभे राहायचे. मग जुनी चादर. मग अस्तराचे स्वस्त कापड. मावशींना बाईंनी बजावले होते, की मास्तरांनी "बरोबर आहे ना?" असे विचारले तर उत्तर द्यायचे नाही. मावशींना गप्प राहणे काय जड गेले म्हणून सांगू! दोऱ्याचे टोक दातांत धरून बसत. काही दिवस चांगले जात, काही दिवस पुन्हा पहिल्यासारखे. एका आठवड्यात मास्तर रोज गल्लीच्या तोंडापासून परत आले. बाई म्हणाल्या, चालायचंच.

आठ महिन्यांनी निळे कापड फळीवरून खाली आले.

मी पुन्हा उघडी, हवेत. अंगठा ओला. छातीची धडधड मुठीत. मास्तरांनी मावशींकडे पाहिले. मावशींनी दोरा घट्ट चावला. माया अर्धाच इंच. आणि मी चालू लागले. मधे एकदा अडखळले, पण टेबलाच्या पलीकडच्या कडेला पोचले.

कोट पार्सलने गेला. दुपारी दुकानातच लेकीचा फोन आला.

"बाबा, सुरेख झालाय! फक्त डावी बाही किंचित लांब वाटते."

मावशींची सुई थांबली. मास्तर टेबलाला धरून उभे राहिले. एक श्वास, दुसरा श्वास.

"असू दे," ते म्हणाले. "सुटीत आलीस की उसवून ठीक करू."

त्या संध्याकाळी कुलूप लावून ते निघाले, गल्लीच्या तोंडापाशी थांबले आणि परत आले. एकदाच. दुसऱ्यांदा आले नाहीत.

मित्रांनो, मास्तर पूर्ण बरे झाले असे मी म्हणणार नाही. मीही पुन्हा रुंद होणार नाही. जे झिजले ते झिजले. पण तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कुणी असे उघड्या कात्रीसारखे अडून राहिलेले दिसले, तर "घाबरतोस काय" म्हणून त्याला दगडावर घासू नका. त्याची धार गेलेली नसते. त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहा आणि विचारा. त्या लेकीने विचारले नाही, मीही विचारू शकले नाही. मला तोंड होते, पण ते फक्त कापायला.