चढावरचा गोल

ब्रॅकेनक्लफमधली सपाट जमीन गिरण्यांनी घेतली. उरला उतार. गिरणी कामगारांनी त्या उतारावरच फुटबॉलचे दोन गोलपोस्ट रोवले आणि रोव्हर्स क्लब काढला. आमचा खेळही तिथेच ठरला: चेंडू उंच, लांब मारायचा आणि त्याच्यामागे जिवाच्या आकांताने धावायचं. पाहुणे संघ आम्हाला शेळ्या म्हणतात. म्हणून आमचे लोक स्टँडमध्ये उभे राहून शेळ्यांसारखे "बेंऽऽ" करत बेंबटतात.

मी याच गावची, बेथ क्रॉनशॉ. पदार्थविज्ञान शिकून आले आणि क्लबात सामन्यांच्या विश्लेषणाचं काम धरलं.

हंगामाचा शेवटचा सामना. जिंकलो तर लीगमध्ये राहणार, नाहीतर खाली. त्यातच सकाळी नवे मालक पेनहॅलो साहेब ड्रेसिंगरूममध्ये आले.

"आज चेंडू जमिनीवर. छोटे पास," ते आमच्या मॅनेजरला, गेड हिंडलला म्हणाले. "एकही उंच चेंडू नको. नाहीतर संध्याकाळी तुझी सुट्टी. आणि उन्हाळ्यात हे मैदानही सपाट करतोय मी."

गेड बुटाची नाडी बांधत होता. "साहेब, आधी आजचा दिवस सपाट करू."

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "गेड, मी मागेही बोलले होते. उतारावर मारलेला लांब चेंडू टप्पा पडला की सुसाट सुटतो, गोलकीपरच्या हातात जातो. चढावर तोच चेंडू थांबतो. आपण आयुष्यभर उलट्या बाजूने जोर लावतोय."

"पोरी, माझे आजोबा उतारावरच जिंकले."

"कारण तेव्हा पाहुणे दमलेले असायचे. चेंडूचं त्यात काही नव्हतं."

तो हसला. आमची रीतच तशी आहे. नाणेफेक जिंकली की पहिला अर्धा वेळ चढ घ्यायचा, दुसऱ्यात उतार. प्रेक्षकही मध्यंतरात वरच्या गोलामागून उठून खालच्या, गिरणीकडच्या गोलामागे जातात, आपण गोल मारतो ते जवळून बघायला.

आज नाणेफेक हरलो. पाहुण्यांच्या कप्तानाला आमची रीत माहीत होती. त्याने मुद्दाम आम्हाला आधी उतार दिला.

"गेलं सगळं," आमचा कप्तान झुबैर परत येताना पुटपुटला.

पहिल्या अर्ध्या वेळात आमचे चेंडू एकामागून एक गोलरेषेबाहेर घरंगळत गेले. शून्य-शून्य. मध्यंतरात माझा फोन वाजला. साहेब.

"त्याला सांग, छोटे पास. आत्ताच."

"सांगते," मी म्हटलं आणि फोन खिशात टाकला. गेडला मात्र सांगितलं, "आता चढ आहे. वर मारा. हवं तितकं उंच."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग झुबैरकडे. "ऐकलंस ना? हाण."

तेवढ्यात मी वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. सगळा जमाव सवयीने निघाला होता, खाली, गिरणीकडे! आम्ही गोल मारणार होतो वर आणि आमची माणसं निघाली होती आमच्याच गोलकीपरच्या पाठीशी उभी राहायला.

"नॉर्मन!" मी ओरडले. "उलटी बाजू!"

म्हातारा नॉर्मन एका हाताने आपला लाकडी पाय सावरत थांबला. "पन्नास वर्षं याच बाजूला उतरतोय, बाई. पाय आपोआप आले."

"मग वर जा!"

"आता पुन्हा चढू? खुळी का तू? इथंच उभे राहू. बेंऽऽ!"

सगळे बेंबटले.

शेवटची मिनिटं उरली. पाहुण्यांच्या पुढच्या खेळाडूने उतारावरून जोरात फटका मारला, गोलावरून थेट पलीकडे. एरवी आमचा गोल खाली असतो तेव्हा गर्दी वर असते, तिथे गेलेला चेंडू अडवायला कोणीच नसतं. चेंडू ओढ्यात जातो आणि बराच वेळ येत नाही. पाहुणे निवांत मागे फिरू लागले, एक जण मोजे सारखे करायला वाकला.

पण आज तिथे आमचं अख्खं गाव होतं. नॉर्मनने चेंडू छातीवर घेतला. त्याचा लाकडी पाय निसटून चिखलात पडला.

"घे रे, लवकर!" त्याने चेंडू गोलकीपरकडे भिरकावला.

गोलकीपरने चेंडू ठेवला आणि हाणला. आभाळात. पाहुण्यांचे बचावपटू वळेपर्यंत चेंडू चढावर आपटला आणि वेग हरवून तिथेच उभा राहिला, एखादी हट्टी शेळी थांबावी तसा. झुबैर धावत आला आणि त्याने तो जाळ्यात घातला.

शिट्टी वाजली तेव्हा एक-शून्य होतं.

साहेब मैदानात आले. चेहरा लाल. "मी काय सांगितलं होतं? गेड, तू आज..."

"सुट्टी ना? कबूल." गेडने उद्घोषकाच्या हातातला माइक घेऊन त्यांच्यापुढे धरला. "फक्त त्यांना तुम्ही सांगा."

साहेबांनी उताराखाली बघितलं. बाहेर जायचं फाटक गिरणीकडेच आहे. सगळं गाव तिथे उभं होतं, कोणीही हलत नव्हतं. पुढे नॉर्मन, हातात चिखलाने माखलेला पाय.

"आणि हो," मी म्हटलं, "मैदान सपाट करणार तेही सांगा."

साहेबांनी माइक घेतला नाही. हळूहळू उतरत ते फाटकाकडे निघाले. लोकांनी वाट दिली, पण अरुंद. एकेकाच्या खांद्याला खांदा लागेल एवढीच.

"बेंऽऽ," नॉर्मन त्यांच्या कानाशी म्हणाला.