मोजणीत एक कमी

ठकूबाई खोटं बोलायची ती घरात शांतता राहावी म्हणून. डॉक्टरांनी सोपानरावांचं मीठ तोडलं तेव्हा तिने वर्षभर अळणी आमटी "घातलंय की चिमूटभर" म्हणून वाढली, आणि तेही "आज बेताचं पडलंय" म्हणत जेवले. असल्या खोट्याचं पाप लागत नाही, असं तिचं स्वतःपुरतं ठरलेलं होतं. त्यामुळे रविवारी सकाळी शेडमधून हाक आली, "ठकू, लाल मुठीचा छोटा पेचकस बघितलास का गं?" तेव्हा तिच्या तोंडून आपसूक गेलं, "म्या न्हाई बाई."

बघितला होता. नुसता बघितला नव्हता, नेला होता.

शनिवारी टोमॅटोचा तोडा चालू असताना ठिबकच्या मोठ्या पाइपाचा क्लिप सुटला आणि प्लॉटात कारंजं उडालं. ती पळत शेडमध्ये आली, हाताला लागला तो पेचकस उचलला, क्लिप आवळला आणि पेचकस ठेवला कुठे, तर शेजारच्या अर्ध्या भरलेल्या कॅरेटात. त्यावर बायांनी टोमॅटो ओतले. संध्याकाळी दादाभाऊचा टेम्पो आला. माल नारायणगावच्या बाजारात गेला, तिथून व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये, आणि ट्रक लागला कलकत्त्याच्या वाटेला.

दुसऱ्या एखाद्याच्या घरात ही हसण्यावारी न्यायची गोष्ट. वारूळवाडीच्या फाट्यावर असले पेचकस ढिगाने मिळतात. पण सोपानराव एअरफोर्समधून आलेला माणूस. विमानाच्या सांगाड्याचे फिटर. त्यांच्या शेडच्या भिंतीवर पांढरी फळी, तिच्यावर प्रत्येक हत्याराचा काळा आकार रंगवलेला. काम संपलं की प्रत्येक हत्यार आपापल्या आकारावर. एअरफोर्सचा नियमच तसा: एक जरी आकार उघडा दिसला तर विमान सोडायचं नाही, मग वर लढाई पेटलेली का असेना. विमानाच्या पोटात राहिलेला साधा पाना उडताना कुठे जाऊन अडकेल, सांगता येत नाही.

आणि शेडमध्ये विमान होतं.

नॅट. एकाहत्तरच्या लढाईतलं, एका माणसापुरतं, चपळ. खऱ्याच्या चौथाई मापाचं. नाकापासून शेपटापर्यंत सात फूट. सोपानरावांनी नऊ वर्षं ते घडवलं होतं. एका संग्रहालयातल्या नॅटभोवती ते तीन दिवस टेप घेऊन फिरले, पहारेकऱ्याने दोनदा हाकललं. आतल्या फासळ्या प्लायवूडच्या. पत्रा नारायणगावच्या छापखान्यातून. छपाई झालेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ प्लेटा तिथे रद्दीत निघतात. त्यामुळे विमान बाहेरून चांदीसारखं आणि आतून लग्नपत्रिका, कुस्त्यांचा आखाडा, तमाशाचे फड, दशक्रिया विधी. चाकं आत जायची, छत सरकायचं, आणि वैमानिकाच्या समोरची घड्याळं तर अशी की काटे भिंगातून बघावेत. रिवेट किती मारले हे ते सांगत नसत. ठकूबाईने एकदा एका पंखावरचे मोजायला घेतले, अकराशेला कंटाळून भाकरी थापायला गेली.

हे सगळं एका बाईसाठी. सोपानरावांच्या तळावरचे एक साहेब लढाईत सकाळी नॅट घेऊन गेले ते परतले नाहीत. त्यांची मुलगी तेव्हा दोन वर्षांची, आता छप्पन्न. नऊ वर्षांपूर्वी माजी सैनिकांच्या मेळाव्यात पुण्याला भेटली आणि म्हणाली, "काका, बाबा ज्यात बसायचे ते आतून कसं होतं हो?"  सोपानराव घरी आले आणि दुसऱ्या दिवशी प्लायवूड कापायला बसले. आता शुक्रवारी, पंधरा ऑगस्टला, ती विमान न्यायला येणार होती. शनिवारी सकाळीच त्यांनी शेवटचा पंख रिवेट मारून बंद केला होता.

"रविवारपासून मोजतोय," सोमवारी रात्रीच्या जेवणाला ते म्हणाले. "सत्तेचाळीस पाहिजेत. शेचाळीसच भरत्यात. आन् डावा पंख हलवला की आत कायतरी वाजतंय."

"रिवेट पडला आसंल येखादा."

"आसंल. नायतर पेचकस आसंल."

मंगळवारी सकाळी ते पंखाशेजारी बारीक ड्रिल घेऊन बसलेले दिसले तेव्हा ठकूबाई हातातलं काम टाकून शेडमध्ये आली. एकदा रिवेट काढून पत्रा ओढला की तो वाकतो; पुन्हा तोच बसत नाही. शुक्रवार तीन दिवसांवर.

"अवं, थांबा," ती म्हणाली. "म्या नेलता त्यो." आणि सगळं सांगितलं. पाइप, कारंजं, कॅरेट, कलकत्ता.

सोपानराव शांतपणे ऐकत होते. मग हसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"रविवारी म्हनलीस, म्या न्हाई. आज म्हनतीस, कलकत्ता. ठकू, तुझी आमटी मला वरीसभर कळत व्हती."

 हे तिला नवीन होतं.

"मग बोलला का न्हाईत?"

"तू येवढी मायेनं खोटं बोलत व्हतीस. कशाला मोडायचं? पर आमटीचं येगळं, इमानाचं येगळं."

"आवो पर ह्ये खरं हाये! ओझरच्या गणपतीची आण!"

"गणपतीला मधी घेऊ नगंस. माझा पंख वाचवायला तू समदे अष्टविनायक आणशील."

तिने साक्षीदार आणायचा ठरवला. दादाभाऊला फोन केला. त्याने व्यापाऱ्याला विचारलं. व्यापारी म्हणाला, माल पोचून हातोहात विकला, कुणाला पेचकस सापडला असेल तर त्याचं नशीब. दादाभाऊ मनाने मोठा माणूस. "वहिनी, काय टेन्शन घेऊ नका. मी येऊन सांगतो तात्यांना, मी डोळ्यांनी बघितला म्हणून."

"आरं, तू न्हाई बघितलास."

"तुमी बघितला ना? मग झालं की. साक्ष महत्त्वाची."

नको नको म्हणेपर्यंत तो बुधवारी सकाळी शेडच्या दारात उभा.

"तात्या, राम राम! आवो, तुमचा पेचकस मी सोता बघितला कॅरेटात. म्हनलं काढावा, तर वर ही थप्पी!"

"असं व्हय?" सोपानराव म्हणाले. "मूठ कसली व्हती?"

दादाभाऊने क्षणभर ठकूबाईकडे पाहिलं. तिने लाल साडीचा पदर धरून हलवला. त्याने नेमकं पदराच्या काठाकडे बघितलं.

"पिवळी," तो म्हणाला.

"च्या घेऊन जा, दादाभाऊ," सोपानराव म्हणाले आणि ड्रिलचं बटण दाबलं.

तो गेल्यावरही ठकूबाई दारातच उभी राहिली. पहिला रिवेट निघाला, दुसरा निघाला. माणसाने एवढं खरं बोलावं आणि ते इतकं कुचकामी निघावं! तिला रडावं की दादाभाऊच्या टेम्पोमागे वहाण घेऊन धावावं, कळेना.

"हितं ये," सोपानराव म्हणाले. "बॅटरी धर."

ती बसली. ते मान खाली घालून काम करत राहिले, आणि तसेच बोलले.

"त्या सकाळी बी मोजणीत येक कमी भरलं व्हतं. साहेब शिडीवर चढलेले. वरून हुकूम, लगेच सोडा. सार्जंटनं इचारलं, समदी हत्यारं हायेत? धा पंधरा पोरं माझ्याकडं बघाय लागली. उघडून बघायचं म्हंजी दोन तास. म्या म्हनलो, हाये, माझ्या खिशात हाये."

ठकूबाईने बॅटरी पंखावरून काढून त्यांच्या तोंडाकडे केली.

"आन् नव्हतं?"

"नव्हतं."

"त्याच्यामुळंच पडलं का मग?"

"कुणाला ठावं? गोळी लागली आसंल. लढाईच व्हती ती. कुणी सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई. पर त्या दिवशी बी समद्यांचं मन राखायलाच म्या बोललो व्हतो, ठकू. तुझ्यासारखंच."

लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने या माणसाच्या तब्येतीचं, उन्हाचं, झोपेचं सगळं सांभाळलं, आणि हे तो एकटा घेऊन बसला होता. तिला पुन्हा सांगावंसं वाटलं, खरंच मी नेला, खरंच कलकत्त्याला गेला. पण कोणत्या तोंडाने? त्याला पटेल असं एकही खरं वाक्य तिच्याकडे उरलं नव्हतं.

पत्रा उचकटला तेव्हा कर्रकन आवाज झाला आणि मधोमध चीर गेली. आत फासळ्यांच्या कोपऱ्यात एक रिवेट पडला होता, गव्हाच्या दाण्याएवढा. सोपानरावांनी तो चिमटीत धरून वाटीत टाकला.

"बगा," ती हळूच म्हणाली. "न्हाई ना पेचकस?"

"ह्या पंखात न्हाई."

तेवढ्यात खाटेवरचा फोन वाजला. साहेबांची मुलगी. सोपानरावांनी स्पीकर लावला, कारण हाताला ग्रीस होतं.

"काका, शुक्रवारी आठला निघते पुण्याहून. मोठी गाडी सांगितलीय. तयार आहे ना सगळं?"

ठकूबाईच्या ओठावर आलं होतं, हो बाई, या. सवयच ती. तिने दात आवळले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"न्हाई मॅडम," सोपानराव म्हणाले. त्यांचा आवाज ठकूबाईने कधी न ऐकलेला, ताठ, पोरसवदा. "इमान सोडलेलं न्हाई. येक हत्यार मोजणीत कमी हाये. उघडून बघतोय."



"किती दिवस लागतील?"

"सांगता येत न्हाई. समदं उघडावं लागंल."

"बघा मग," ती म्हणाली. "नीट बघा, काका. मला काही घाई नाहीये."

फोन बंद झाला तरी सोपानराव त्याच्याकडे बघत राहिले. ड्रिल मांडीवर तसंच. मग त्यांनी बाहीने तोंड पुसलं, काळ्या ग्रीसचा पट्टा गालभर ओढला गेला, आणि ते उजव्या पंखाच्या बाजूला सरकले.

त्या पंखात काही नाही, पोटात काही नाही, शेपटात काही नाही, हे साऱ्या पृथ्वीवर एकट्या ठकूबाईला माहीत होतं.

"जरा आत धर," ते म्हणाले.

तिने बॅटरी दोन्ही हातांनी आत धरली.