मागाच्या खड्ड्यातली खुडूक

जनाबाईने बुधवारी बाजारातून आणलेली तांबडी कोंबडी पदराआड दाबली आणि टिमकी वस्तीतल्या आपल्या घरात मागच्या दाराने शिरली. नेमका तेव्हाच कोंबडीने गळा काढला.

"हे कितवी वं?" ओसरीवरून नवऱ्याने, नत्थूजींनी विचारलं.

"जुनीच हाय. फिराले गेली होती."

नत्थूजी हसले नाहीत. घरात आधीच अकरा होत्या, आणि दर बाजाराला एखादी जनाबाईच्या डोळ्यांत भरायचीच. ती तरी काय करणार? हातमाग बंद पडल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं की तिला दुपार सोसवत नसे. कोंबड्यांच्या मंद कुरकुरीत तिचा डोळा लागे, आणि अर्धवट झोपेत वाटे, धोटा अजून ताण्यातून इकडून तिकडे पळतोय.

नत्थूजींची अट एकच होती. मागाच्या खोलीत कोंबडी नको. तिथे अर्धं विणलेलं लुगडं तसंच मागावर होतं. त्यांचे हात कापत. तुटलेला एक धागा सांधताना आणखी तीन तुटत. दोघांनाही हे ठाऊक होतं आणि दोघांपैकी कोणी ते तोंडातून काढलं नव्हतं. विणकर सोसायटीचे गणपतराव महिन्याला येऊन विचारत, "माग काहून बंद?" नत्थूजी म्हणत, "उद्यापासून बसतो." मग दोन दिवस त्यांना घास गोड लागत नसे. जनाबाईचा जीव तुटायचा.

पौषातल्या एका दुपारी तांबडी दिसेना. जनाबाईने परसू धुंडाळलं, शेजार धुंडाळला, शेवटी भीत भीत मागाच्या खोलीत डोकावली. विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात तांबडी अंग फुगवून बसली होती. खुडूक झाली होती. आता अंडी उबवल्याशिवाय ती हलणार नव्हती. कौलांच्या फटीतून आलेल्या उन्हात कापसाचे कण तरंगत होते. खड्ड्याच्या काठावर नत्थूजी तिच्याकडे बघत बसले होते, कधीपासून कोण जाणे.

"नेते मी तिले भाईर," जनाबाई घाईने म्हणाली.

"राहू दे वं. अंडे किती हायेत तिच्याखाली?"

जनाबाईने तांबडीच्या पोटाखाली हात घालून मोजली. "सात."

"अजून चार ठेव."

दुसऱ्याच दिवशी गणपतराव आले. "नत्थूजी, माग काहून बंद?"

"आता कसा चालवू गा? खड्ड्यात कोंबडी बसून राहिली." नत्थूजींचा आवाज कितीतरी दिवसांनी खणखणीत निघाला.

गणपतराव पोट धरून हसले आणि चहा पिऊन गेले. संध्याकाळी नत्थूजींनी दुसरी भाकर मागून घेतली. जनाबाईला चुलीपुढे एकदम रडू आलं. धुराचं निमित्त होतंच.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. नत्थूजींनी एकेक पिल्लू कापऱ्या ओंजळीत घेऊन वर काढलं. पिल्लांमागे तांबडीही अंगणात गेली. नत्थूजी रिकाम्या खड्ड्याकडे बघत राहिले. आठवड्याभरात गणपतराव पुन्हा येणार होते.

जनाबाईने टोपली उचलली आणि बुधवारी बाजार गाठला. मौद्याकडून येणारी कोंबडीवाली तिला बघून खुलली.

"ये वं बाई. हे पाह्य, रोज अंडं देते."

"ते नको. खुडूक हाय का एखादी?"

कोंबडीवालीने कपाळाला हात लावला. "खुडूक कोनी इकत घेते का वं? अंडं नाही, काही नाही, नुसती बसून राहते."

"बसू दे," जनाबाई म्हणाली. "आमच्या इथं बसाले जागा हाय."