नोराबाईचं मागणं

ज्ञानेशने नोरा फॉलनच्या बोटाची ऑक्सिजन मोजणारी क्लिप काढली, मॉनिटर बंद केला आणि मगच तो फादर केनींकडे वळला. एकवीस सालचा जून लागला होता आणि आयर्लंडमधल्या गॉलवेच्या या इस्पितळातून म्हातारी आज घरी निघाली होती. तिच्या उशाशी सिस्टर अट्रॅक्टाचा फोटो होता.

कधीच्या वारलेल्या या ननला चर्चने 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरची, घोषित करावं, म्हणून फादर खटपट करत होते. त्याला एक चमत्कार लागतो. कुणीतरी तिच्याकडे मागणं मागावं, ते फळावं, आणि हे औषधाचं काम नव्हे असं डॉक्टरने सांगावं. एप्रिलमध्ये सगळ्यांनी हात टेकल्यावर नोराबाई एकाएकी सावरली होती. कशी, ते तिच्यावर उपचार करणाऱ्या ज्ञानेशलाही कळलं नव्हतं.

पण तसं कबूल करायचं नाही, हे तो ठरवूनच आला होता. एप्रिलच्या त्याच आठवड्यात नागपुरात त्याचे बाबा कोविडने गेले होते. आईने देव पाण्यात घातले होते, आणि मुलगा इथे परक्यांचे श्वास मोजत होता. इथे चमत्कार म्हटला, तर तिथे काय म्हणायचं? त्याला या सगळ्याचा संताप येत होता.

फादरांनी पेनचं टोपण काढलं.

"नोरा, बरं वाटावं म्हणून तू सिस्टरकडे मागणं मागितलंस ना?"

"नाही, फादर."

"मग?"

"माझं काय, वय झालंय. मी याच्या वडिलांसाठी मागितलं." तिने ज्ञानेशकडे मान वळवली. "माझ्या पलंगाशी उभा राहून तू फोनवर बोलत होतास. भाषा कळली नाही, पण 'ऑक्सिजन' कळलं. नर्सला विचारलं, तर म्हणाली, डॉक्टरचे डॅडी फार आजारी आहेत."

मागणं एकासाठी आणि गुण दुसऱ्याला, असला चमत्कार चालत नाही. फादरांनी टोपण लावून टाकलं.

"कसे आहेत रे आता डॅडी?" नोराबाईने विचारलं.

ज्ञानेश क्लिपची वायर गुंडाळू लागला. ती हातातून सुटली. त्याने पुन्हा गुंडाळायला घेतली.

"ग्रँड," इथले लोक 'छान'ला म्हणतात तसं तो म्हणाला. "एकदम ग्रँड आहेत."

म्हातारीने फोटोकडे बघून समाधानाने डोळे मिटले.

फादर केनी खुर्चीत पुढे सरकले. टोपण पुन्हा निघालं.

"डॉक्टर, वडिलांचं पूर्ण नाव सांगाल?"