डावीकडून दुसरा

मित्रांनो, मी एक जुना पार्किंग सेन्सर आहे. जुना म्हणजे तरी किती, जेमतेम पाच वर्षांचा. गाडीच्या मागच्या बंपरमध्ये आम्ही चौघे भाऊ होतो, बटणाएवढे. गाडी मागे घेताना वाटेत कुणी असलं की आम्ही खबर द्यायचो आणि आत भोंगा वाजायचा.

आमची मालकीण शाळेतली बाई. तिची मान आखडलेली, मागे वळून बघताच येत नाही. आणि तिच्या बाबांना रोज सकाळी नेमकं गाडीच्याच मागे, बुटक्या स्टुलावर बसून घरातले बूट पुसायचे असत! त्यांना ऐकूही कमी येतं. भोंगा वाजला की बाई उतरून त्यांना हाताला धरून उठवायची.

"अगं, एक बूट राहिलाय," बाबा कुरकुरायचे.

"बूट गेला खड्ड्यात, तुम्ही उठा आधी!"

तेव्हा मला फार धन्य वाटायचं.

एकदा गाडी धुताना माझ्या एका भावात पाणी शिरलं आणि तो गेला. मग रिव्हर्स टाकला की भोंगा थांबेचना. मेकॅनिकनं तपासून कागदावर लिहिलं, 'डावीकडून दुसरा'. बंपर उतरवला आणि पोत्यावर पालथा घातला. पालथ्या वस्तूची डावी बाजू उजवीकडे जाते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. या पठ्ठ्यानं तसंच डावीकडून दोन मोजलं, खटका दाबला आणि मला उपटलं! अहो, मी धडधाकट आहे, मेलेला तो पलीकडचा! पण माझं ऐकतो कोण?

माझ्या जागी नवा बसला, बंपर चढला, तरी भोंगा चालूच. पुन्हा सगळं कोण उतरवणार? त्यानं गुपचूप भोंग्याचीच वायर काढून टाकली.

"घ्या बाई, आता कटकट नाही," म्हणाला, आणि जुना पार्ट म्हणून मला पुडीत बांधून तिच्या हातात दिलं. तिनं मला समोरच्या खणात टाकलं. बिचारीला वाटलं, आवाज नाही म्हणजे मागे कुणी नाही.

काल तिनं रिव्हर्स टाकला आणि मागे कडकन आवाज झाला. स्टुलाचा चुराडा! बाबा ब्रश आणायला घरात गेले होते म्हणून वाचले. बाई धावत उतरली. तिनं मेकॅनिकला फोन लावला.

"स्टूल बुटकं असेल, बाई. सेन्सरला दिसत नाही. उंच घ्या," तो बिनदिक्कत म्हणाला.

मी खणात तडफडत होतो.

आज बाबांनी उंच स्टूल आणलंय. "आता दिसेन मी," म्हणत तिथेच बसलेत. ब्रशची खसखस मला ऐकू येतेय. मित्रांनो, यंत्र गप्प आहे म्हणून वाट मोकळी समजू नका. उतरा, मागे जा, आपल्या डोळ्यांनी बघा. आणि आत्ता कुणी जवळपास असाल, तर धावत येऊन या बाईला थांबवा हो! तिनं किल्ली फिरवलीय.