गुंजेचे थेंब

पळी हातातून निसटली आणि ठणकन परातीत पडली. पाळण्यात मधू दचकला नाही.

सकाळभर रडून त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. चार दिवसांच्या हगवणीनं सात महिन्यांचं माझं लेकरू पार सुकून गेलेलं. हे ठाण्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. तिथल्या डॉक्टरांनी अफूचा अर्क दिला होता. दिवसाला एकच थेंब, तोही जपून. तो मी सकाळी पाजला आणि दुपटी धुवायला तळ्यावर गेले. परत येऊन पाहते तो बाळ शांत. म्हटलं, गुण आला. मला बरंच वाटलं.

आता पाळण्यात वाकून त्याची पापणी उचलली. बुबुळातला काळा ठिपका मोहरीहूनही बारीक. ओठ निळसर. “मधू, ए सोन्या!” उचलला तर मान लुळी पडली.

शेजारच्या आवडाबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. मी तळ्यावर गेले की मुलांपाशी त्याच बसत.

“आवडाबाई, ह्याला काही दिलंत का?”

“मी बाई कसलं औषध देणार? तुझा नवरा दवाखान्यात. तुमच्याकडे पाण्याच्या घोटालाही माप!”

“औषध नाही म्हणत मी. काहीही. चाटण, गुटी…”

“बाळगोळी दिली. ती काय औषध आहे होय? आळीतली सगळी पोरं तिच्यावरच निजतात. एरवी अर्धी देते. आज फारच रडला, म्हणून दोन दिल्या.”

एरवी! पण त्यावरून भांडायला वेळ कुठे होता?

“बाळगोळीत अफू असतेच. एका गोळीत किती?”

“गुंजभर अफूच्या आठ वळते. मूठभर का घालते मी?”

ह्यांच्या शेजारी बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवता डकवता ती मापं मला पाठ झाली होती. गुंजेचे ग्रेन साधारण दोन. त्याच्या आठ गोळ्या, म्हणजे गोळीला पाव ग्रेन. अर्काच्या औंसात, म्हणजे चारशेऐंशी थेंबांत, अफू तेहतीस ग्रेन; म्हणजे पंधराएक थेंबांत एक ग्रेन. पाव ग्रेनाचे थेंब जवळजवळ चार. दोन गोळ्यांचे आठ. माझं चुकलं असेल, चुकलंच असेल, म्हणून बोटांच्या पेरांवर उलटीकडून मोजलं. आठच आले. वर माझ्या हातचा एक.

“नऊ थेंब गेले त्याच्या पोटात.”

“थेंब कुठले गं? मी गोळ्या दिल्या,” आवडाबाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या मांडीवरचं सूप खाली घसरलं.

त्यांचा मुलगा काळुराम गावातल्या डॉक्टरांकडे धावत गेला. डॉक्टर भिवंडीला गेल्याचं ऐकून तसाच परत आला आणि मग ह्यांना आणायला ठाण्याची गाडी धरायला स्टेशनाकडे पळाला.

तोवर मी मधूला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत राहिले. तोंडावर गार पाणी शिंपडलं. ज्या तळव्यांचे मुके घ्यायचे, त्यांनाच नखं लावून चिमटे काढले. “रड रे राजा, एकदा रड. पुन्हा कधी गप्प बस म्हणायची नाही मी.” तो एकदा कण्हला. आवडाबाई त्याचे पाय चोळत होत्या आणि देवाचं नाव घेत होत्या. श्वास येई; मग मी पुढच्याची वाट पाही. तो येई. पुन्हा वाट पाही.

मग एकदा वाट पाहिली, ती पाहतच राहिले.

आवडाबाईंचा हात थांबला. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी त्याला खाली ठेवलं नाही.

स्वयंपाकघरातून माझी थोरली मंदा आली. पाच वर्षांची. काठोकाठ भरलेला तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, परकर पुढून भिजलेला.

“आई, औषध कडक झालं की बाबा बाटलीत पाणी ओततात ना? मग मधूला हे सगळं पाजलं तर त्याच्या पोटातली अफू पातळ होईल?”